पहिलं पाणी

लंडनजवळच्या इल्फर्डला मुलाच्या घरी दीनानाथ वरघडे येऊन आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत त्यांना कुणी काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. भाजी कुठली करू, एवढंसुद्धा नाही. मुलगा सुयश बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बुडालेला, सून ऋजुता तिच्या ऑफिसात, नऊ वर्षांची नात मायरा शाळेत. बाबांनी फक्त स्वेटर घालावा आणि टीव्ही बघावा. म्हाताऱ्या बापाला फार प्रेमानं बोलावून घेतात हो, पण आल्यावर त्याचं करायचं काय, हे विमानाच्या तिकिटावर कुठं छापलेलं असतं?

बरं, माणूस काही रिकामटेकडा नव्हता. नागपूरच्या जलशुद्धीकरण केंद्रात बत्तीस वर्षं फिल्टर-हाऊस सांभाळलं होतं त्यांनी. गढूळ पाणी पेल्यात धरून तुरटी किती लागेल ते सांगायचे. इथं त्यांनी नळ जरा मोठा सोडला तरी सून हळूच येऊन बारीक करून जाई.

दोन हजार सहा सालच्या जुलैत मायराच्या माशांच्या टाकीचा फिल्टर गळायला लागला. पाच फुटी टाकी आणि आठ गोल्डफिश. गोल्डफिश दिसायला गोजिरवाणे, पण घाण करण्यात म्हशींचे भाऊ. त्यांना दांडगा फिल्टर लागतो, टाकीखालच्या कपाटात बसणारा, बंद झाकणाच्या पिंपासारखा. पाणी नळीनं खाली येतं, पिंपातल्या स्पंजांतून गाळून परत वर जातं. सुयशला वेळ नव्हता. लॅपटॉपमधून डोकं न काढता तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला यातलं कळतं ना? तुम्हीच बघा एखादा रिलायबल."

हे 'तुम्हाला यातलं कळतं' दीनानाथरावांनी दिवसभर मनात घोळवलं. दुसऱ्या दिवशी पेन्शनीच्या जुन्या डायरीत प्रश्न लिहून ते बसनं माशांच्या दुकानात गेले. दुकानदार चंद्रशेखर निघाला बेळगावचा, तीस वर्षांपूर्वी आलेला, आणि मराठीला भुकेलेला. दोघांचं असं जमलं की विचारू नका. दीनानाथराव तीनदा गेले. खोक्यावर तासाला इतके लिटर म्हणून जो आकडा छापतात तो रिकाम्या पिंपाचा, स्पंज भरल्यावर किती उरतो ते सांगा. झाकणाचं वॉशर पाच वर्षांनी मिळेल का? स्पंज धुवायचा झाला तर नळ्यांना तोट्या आहेत का, की सगळं पाणी गालिच्यावर?

चंद्रशेखर खूश. असं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं. मग दीनानाथरावांनीही त्याला आपल्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. फिल्टर बंद राहिला की आतलं पाणी नासतं, घाण खाणारे चांगले जंतू गुदमरून मरतात. म्हणून परत चालू करताना पहिलं पाणी सोडून द्यायचं. शहराला पाणी उशिरा मिळालं तर लोक शिव्या देतील, देऊ देत. पहिलं पाणी पुढे जाऊ द्यायचं नाही.

शेवटी त्यांनी निवडला तो हिरवट रंगाचा, जड, दिसायला ठोंब्या. पण पंधरा दिवसांत टाकी अशी नितळ झाली की मासे हवेत तरंगतायत असं वाटे. मायरा मैत्रिणींना ओढून आणून दाखवायची, "हे माझा आजोबाचा मशीन!" ऋजुतानं एकदा बॉयलरचा आवाज येतोय म्हणून त्यांना खाली बोलावून विचारलं. म्हातारा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला.

ऑगस्टअखेरच्या सोमवारी बँक हॉलिडेची सरकारी सुट्टी, ती धरून सगळे दोन दिवस वेल्सला निघाले. आता घर सोडताना आपल्याकडे काय करतात? गॅस बंद, नळ बंद, सगळी बटणं बंद. नागपुरात लाईट जायची आणि आली की अशी उसळून यायची की पंप जळायचा. तिथं चाळीस वर्षं हात भिंतीवरून फिरलेला. सुयशनं गाडीतून हॉर्न दिला, आणि दीनानाथराव शेवटचे म्हणून खोल्याखोल्यांतून बटणं खटाखट बंद करत बाहेर आले. टाकीच्या कपाटामागचंही केलं. हातानं केलं, डोक्याला पत्ता नाही.

सोमवारी संध्याकाळी परतल्यावर सुयश गाडीतून बॅगा काढत होता. दीनानाथराव आधी आत शिरले. घरात फिल्टरची घरघर नव्हती. टाकीत बघतात तो मासे जिवंत, आठही. नुसते वरवर येऊन तोंडं उघडत होते.

काय करायचं ते त्यांच्याइतकं त्या अख्ख्या गल्लीत कुणाला ठाऊक होतं? पिंप सोडवायचं, आतलं पाणी बादलीत ओतून टाकायचं, मग बटण. तासाभराचं काम. पण तासाभरात सुयश आत येणार, बादली बघणार. जानेवारीत त्यांनी इंटरनेटचं बटण बंद केलं होतं तेव्हा तो पाहुण्यांसमोर म्हणाला होता, "बाबा, हे नागपूर नाही. इथं काही हात लावू नका." दारात बॅगेची चाकं वाजली. दीनानाथरावांनी बटण दाबलं. स्वतःच्या मुलाला घाबरून दाबलं.

सकाळी आठही मासे उलटे तरंगत होते. मायरा रात्रीच्या कपड्यांतच टाकीसमोर उभी होती. ती रडली नाही. तिनं विचारलं, "आजोबा, तुझा मशीन चांगला होता ना?"

शनिवारी सुयशनं फिल्टरच खराब निघाला म्हणत तो खोक्यात घातला आणि बाबांना घेऊन दुकान गाठलं. चंद्रशेखरनं झाकण काढून वास घेतला, मोटर लावून पाहिली. मशीन उत्तम आहे म्हणाला, दोन दिवस बंद राहिलं की असंच होतं, कुणीतरी बटण बंद केलं असणार.

सुयश तापला. "कुणी, माझ्या वडिलांनी? बत्तीस वर्षं शहराला पाणी पाजलंय त्यांनी. एक दिवस कुणी आजारी पडलं नाही. त्यांच्या हातून असं होणं शक्यच नाही."

बत्तीस. आकडासुद्धा बरोबर. हे ऐकायला दीनानाथराव दहा महिने नाही, अख्खा जन्म थांबले होते. आता बोलावं तर मुलाचं वाक्य खोटं पडतं, न बोलावं तर त्या बिचाऱ्या यंत्राची आणि बेळगावच्या सज्जन माणसाची अब्रू जाते. ते काउंटरची कडा धरून उभे राहिले.

चंद्रशेखरनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, "काका, बंद पडलेलं यंत्र चालू करताना पहिलं पाणी काय करायचं?"

"सोडून द्यायचं," दीनानाथराव म्हणाले.

सुयशनं इंटरनेटवर पाहिलेला चकचकीत फिल्टर चंद्रशेखरनं बदल्यात दिला, आणि हिरव्याच्या खोक्यावर मार्करनं 'खराब' असं लिहून ते मागं ठेवलं. दोघं निघाले तेव्हा त्यानं काकांना नेहमीसारखा नमस्कार केला नाही.

गाडीत सुयश म्हणाला की बाबा फार साधे आहेत, कुणीही त्यांना काहीही विकावं. घरी येऊन तो कपाटाशी गुडघ्यांवर बसला. दीनानाथराव सवयीनं बादली घेऊन आले, तर त्यानं ती प्रेमानं त्यांच्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही बसा बाबा," तो म्हणाला. "यातलं मी बघतो."