वाचनालयाच्या साइटवरची पहिली आठवण

लहान संस्थांच्या वेबसाइट सोप्या करून देणं हा गेली काही वर्षं माझा धंदा आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त वैताग मला माझ्याच जुन्या कामाचा येतो. यवतमाळात सुरुवात केली तेव्हा दिसेल त्या संस्थेला मी साइट करून दिली. महिला मंडळ, तांड्यावरचं वसतिगृह, पांढरकवड्याची ट्रकवाल्यांची संघटना. सगळ्या हाताने बांधलेल्या, म्हणजे कुणाचा फोन नंबर बदलायचा तरी तो मीच बदलायचा. तेव्हा त्यात मोठेपणा वाटायचा. पुढे सकाळी दात घासत असतानाच फोन यायला लागले, "भाऊ, साइटवर जुनाच सचिव दिसून राह्यला," आणि माझं डोकं मुळातच लवकर तापतं. मग मी एकेक साइट नव्या, सोप्या सॉफ्टवेअरवर न्यायला घेतली. आत शिरायचं, लिहायचं, बटण दाबायचं. मला फोन करायचा नाही, हा त्यातला माझा मुख्य स्वार्थ.

महागाव तालुक्यातल्या एका गावातलं वाचनालय त्यातलंच. बुद्धविहाराला लागून दोन खोल्या, आणि ग्रंथपाल म्हणून चाळिशीतल्या एक ताई. दाराबाहेर काळा फळा होता. ताई रोज सकाळी तो ओल्या फडक्याने पुसत, वाळू देत, आणि मग त्या दिवसाचं लिहीत. पेपरातली मोठी बातमी, नवीन आलेलं पुस्तक, कुणाची पोरगी नर्सिंगला लागली, नळ कधी येणार. एसटीला निघालेले लोक उभ्या उभ्या वाचून जात. गावात त्या फळ्याला फार मान होता.

साइटवर मात्र ताईंना काही लिहिता येत नसे. त्या अध्यक्षांना सांगत, अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, त्यावर विचार करत, मग मला कळवत. बहुतेक वेळा घोडं तिथेच पेंड खायचं. आरोग्य शिबिराची सूचना एकदा साइटवर चढली ती मांडव उतरवल्यावर.

नवीन साइट शिकवायला मी एका दुपारी गेलो. पुढे पुसदला एक काम होतं, म्हणून घाईत होतो. ताईंनी दोनदा विचारलं, चुकलं तर काय होईल. मी म्हणालो, "ताई, भिता कायले? बाहेरचा फळा आहे ना, तसाच हा फळा समजा." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पासवर्ड लिहिलेला कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे आता कोनाले विचारा लागत नाही." मी चहाही न घेता निघालो.

दोन महिने तिथून एकही फोन आला नाही. मी इतर संस्थांना त्यांचं उदाहरण देत फिरलो.

मग नागपुरातून एका मुलीचा फोन आला. तिचे आजोबा वाचनालयाच्या संस्थापकांपैकी. त्यांनी सांगितलेली आठवण साइटवर होती, ती होणाऱ्या सासरच्यांना दाखवायला गेली तर तिथे काहीच नाही. मी साइट उघडली. पहिल्या पानावर एकच ओळ होती: उद्या वाचनालय दुपारी दोनला उघडेल. बाकी सगळं कोरं. वाचनालय उभं करणाऱ्या बारा म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तिथे होत्या. जुन्या सचिवांनी घरोघर बसून त्या लिहून घेतल्या होत्या. आता ते बाराही जण नव्हते, सचिवही नव्हते, आणि त्यांच्या वह्या वाळवीने कधीच खाल्ल्या होत्या.

मी ताईंना फोन लावला तो आवाज चढवूनच. काय केलंत तुम्ही, म्हणून विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुसलं ना, भाऊ. फळा पुसल्याशिवाय लिहाव कसं?"

पहिल्याच सकाळी त्यांनी पहिल्या पानावरचं सगळं पुसून घेतलं होतं, आणि पुढे रोज कालचं. म्हणजे दोन महिने स्वतः लिहिलेलंही त्या रोज पुसत होत्या. मीच तसं सांगितलं होतं. आरडाओरड करायला काही उरलंच नाही, आणि मला माझी फार लाज वाटली. साइटची कचरापेटी महिन्याने आपोआप रिकामी होते, ती सोयही मीच हौसेने चालू करून ठेवलेली.

जुन्या साइटची प्रत माझ्याकडे होती, पण ज्या हार्डडिस्कवर होती ती बंद पडलेली. गावोगाव मी सांगत फिरतो, प्रत दोन ठिकाणी ठेवा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुरुस्तीवाल्याने खटपट करून अकरा आठवणी काढून दिल्या. पहिली निघाली नाही. ती नेमकी त्या नागपूरच्या मुलीच्या आजोबांची होती.

रविवारी विहारातली वंदना झाल्यावर वाचनालयात बैठक बसली. अध्यक्ष वाईट माणूस नव्हे, पण त्यांना फार लागलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं, पासवर्ड यापुढे समितीकडे राहील, ताईंनी आपला बाहेरचा फळा सांभाळावा. ताईंनी पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवला. चूक माझी आहे, एवढंच त्या म्हणाल्या. मी काय सांगितलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी अर्धा मिनिट गप्प बसलो, हे इथे लिहिलंच पाहिजे. अध्यक्षांची तालुक्यातल्या चार संस्थांत ओळख होती आणि ती कामं मला हवी होती. मग ताईंच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहवेना, म्हणून बोलून टाकलं. हा फळाच आहे असं मीच सांगितलं, त्यांनी माझा शब्द पाळला. अध्यक्ष म्हणाले, मग तुमच्यावर तरी कितीक भरोसा ठेवावा?

दाराजवळ नागपूरच्या मुलीची आजी, म्हणजे त्या आजोबांची बायको, बसली होती. ऐंशीच्या पुढची, पण कान शाबूत. ती म्हणाली, "लिहून घे वो बाई. त्याची गोष्ट मले पाठ हाय."

ताईंनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"त्याइच्याकडं काय पाहतं? तुले सांगून राह्यली मी."

ताईंनी हात पुढे करून टेबलावरचा कागद परत घेतला. त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या, साइटवर शिरल्या आणि लिहायला लागल्या. जुनी आठवण नव्या साइटवर चढवताना मी वाचली होती, ती मला बऱ्यापैकी लक्षात होती. वाचनालयाची पहिली पुस्तकं आजोबांनी यवतमाळहून आणली. तीन गठ्ठे होते. एसटीने फाट्यावर सोडलं आणि भर वैशाखात ते पायी गावात आले. आजीही फाट्यापर्यंत तेच सांगत आली. एसटी, धूळ, फाट्यावरचं रांजणाचं पाणी.

"तीन गठ्ठे होते," ती म्हणाली. "एक त्याच्या डोस्क्यावर होता. दोन माह्या."

ताईंची बोटं थांबली. अध्यक्ष हळूच म्हणाले की जुन्या आठवणीत तर आजी फाट्यावर कुठे नव्हत्याच.

"मले कोनं इचारलंच नाही," आजी म्हणाली.

ताईंनी ते लिहिलं, एकदा वाचलं, आणि कुणालाही न विचारता बटण दाबलं.