कमलअक्का आणि मक्याच्या भाकरीचं हॉटेल

गिऱ्हाईक पहिला घास घेत असताना कमलअक्का त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहत. पदराचं टोक मुठीत, नजर त्या माणसाच्या जबड्यावर. घास गिळला गेला की मगच त्यांचा श्वास मोकळा व्हायचा. मी पहिल्यांदा तिथे जेवायला बसलो तेव्हा मागे कुणी उभं असल्याच्या जाणिवेनं माझा हात तोंडापाशीच थांबला. मी मुळात काळजीखोर माणूस, त्यात हा पहारा! तेवढ्यात मागून आवाज आला, "कशी लागनी, भाऊ?" एरवी शुद्ध मराठी बोलणाऱ्या अक्का घाबरल्या की अहिराणीत बोलत, हे मला पुढे कळलं.

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत, स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी चार टेबलं मांडली होती. पाटीवर 'मेक्सिकन जेवण' लिहिलेलं, पण सगळे त्याला मक्याच्या भाकरीचं हॉटेलच म्हणत. अक्का अमळनेरच्या. दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. लेक प्रज्ञा अमेरिकेत होती तेव्हा तिच्या बाळंतपणाला गेल्या आणि शेजारच्या मेक्सिकन बाईशी त्यांची गट्टी जमली. "भाषा कशाला लागते?" त्या सांगत. "ती मका चुन्याच्या पाण्यात शिजवायची, मी बघायचे. मी वांगं भाजायचे, ती बघायची." परत आल्यावर त्यांनी तशाच मक्याच्या पातळ भाकऱ्या, घोटलेला राजमा आणि भाजलेल्या टोमॅटो-मिरचीचा साल्सा सुरू केला. मी शाळामास्तर, मूळचा धुळ्याचा; बायको नोकरीसाठी तिकडेच. त्यामुळे संध्याकाळचं माझं ताट तिथेच असायचं.

परत आलेलं प्रत्येक ताट अक्का स्वतः बघत. "माणूस तोंडदेखलं बोलतो, ताट नाही बोलत तसं," असं त्यांचं म्हणणं. कुणी अर्धी भाकरी टाकली तर त्यांना झोप लागायची नाही. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला रस्त्यात गाठून विचारत, "काल पोट बरं नव्हतं का?"

मग त्यांना ताप आला. आठवड्यात उतरला, हॉटेल पुन्हा सुरू झालं. एका संध्याकाळी मी आत शिरलो तर जळका वास भरून राहिलेला. राजमा बुडाला लागून काळा होत होता आणि अक्का शेगडीशेजारीच उभ्या राहून शांतपणे कांदा चिरत होत्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांनी पातेल्यात पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

"माले वासच येत नही रे. चवबी नही. बठ्ठं माती लागस." मग माझा हात धरून म्हणाल्या, "कोनले सांगू नको."

प्रज्ञा आता पुण्यात होती. एकटी आई दिवसभर शेगडीपाशी असते म्हणून तिचा जीव टांगणीला. तब्येतीची काही कुरबुर झाली की हॉटेल बंद करायचं आणि पुण्याला यायचं, या अटीवर तिनं होकार दिला होता. नाकाचं कळलं असतं तर तिनं त्याच दिवशी गाडी काढली असती. म्हणून मी गप्प बसलो. पण माझी झोप उडाली. गॅसचा वास येणार नाही अशी बाई रोज शेगडी पेटवते या विचारानं मी सकाळी शाळेत जाण्याआधी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावून वास घ्यायचो. संध्याकाळी सहा वाजता चाखायला बसायचो. मीठ कमी, लिंबू जास्त, मका अजून शिजायला हवा, असं मी सांगायचो आणि अक्का तसं करायच्या.

तिखटाचं मात्र मी कधी बोललो नाही. धुळ्याच्या माणसानं चारचौघांत 'तिखट झालंय' म्हणायचं म्हणजे अब्रूच गेली! आमच्याकडे नाकातून पाणी वाहत असलं तरी पाहुणा आणखी एक हिरवी मिरची मागून घेतो. इतर गिऱ्हाइकांचंही तेच. साल्सा दिवसेंदिवस जहाल होत चालला होता. लोक घाम पुसत, हाशहुश करत, "झकास, अक्का!" म्हणत आणि ताट पुसून ठेवत. खानदेशात ताटंही तोंडदेखलं बोलतात हे नर्सबाईंच्या ध्यानात आलं नाही.

प्रज्ञा दिवाळीच्या सुट्टीत आली. बरोबर सात वर्षांची रेवा. आजीच्या हॉटेलात ती पहिल्यांदाच जेवणार होती. सहाला मी साल्सा चाखला. कान गरम झाले. अक्कांनी विचारलं, "बरोबर शे ना?" मी म्हणालो, "एकदम बरोबर."

पुढचा अर्धा तास मी कोपऱ्यातल्या टेबलावर पाणी पीत काढला. उठून सांगावं असं दहा वेळा वाटलं. रेवानं भाकरीचा तुकडा साल्सात बुडवला आणि खाल्ला. क्षणभर ती नुसतीच बघत राहिली. मग किंचाळली. ओठ लालभडक, श्वास घेता येईना. अक्कांमधली नर्स धावली. दूध पाजलं, साखर चोखायला दिली, पाठ चोळली. पोर शांत झाली तेव्हा प्रज्ञानं साल्सा बोटावर घेऊन चाखला. ती आत गेली, एक डबी घेऊन आली आणि म्हणाली, "आई, डोळे मीट. हे काय आहे सांग."

उघडी डबी अक्कांच्या नाकाखाली होती. माझ्या टेबलापर्यंत हिंगाचा वास आला.

अक्कांनी दोनदा श्वास ओढला. "जिरं?" त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी टेबलं विकली गेली. निघायच्या आदल्या दुपारी मी गेलो तेव्हा त्या रिकाम्या खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याच आधी बोलल्या. "खूप तिखट होतं का रे?"

"हो."

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग त्यांचा चेहरा असा पडला की तो मला आजही विसरवत नाही. "श्रावणात मला पहिल्यांदा काहीतरी लागायला लागलं होतं," त्या म्हणाल्या. "जिभेवर थोडं चुरचुरायचं. मी रोज थोडी मिरची वाढवायचे आणि रोज थोडं जास्त लागायचं. मला वाटलं, चव परत येतेय. तू पण बरोबर म्हणायचास." मग त्यांनी विचारलं, "मंग ती नुसती मिरचीच व्हती का, भाऊ?"