भिवापूरला नेलेला सेंटर हाफ

नागपूरच्या आमच्या तांडापेठ स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबाची जुनी माणसे एकत्र बसली की आमच्या फॉरवर्ड मधुसूदनच्या गोलांच्या गोष्टी निघत. कुठल्या सामन्यात त्याने डोक्याने मारला, कुठल्यात अर्ध्या मैदानावरून मारला, यावर वाद होत. कवडू हेडाऊचे नाव त्यानंतर निघे, आणि तेही खेळासाठी नाही. त्याला भिवापूरला कसे नेले, ही गोष्ट हसत हसत सांगितली जाई. ती मी अनेकांकडून ऐकली, कारण ज्या वर्षी ते घडले त्या वर्षी मी नोकरीवर अकोल्याला होतो. शेवटी खुद्द कवडूकडून ऐकली. त्याची बायको कौशल्या आता हयात नाही आणि कवडूची हरकत नाही, म्हणून लिहितो आहे.

कवडू सेंटर हाफ खेळायचा, म्हणजे मैदानाच्या मधोमध. चेंडू त्याच्याकडे यायचा आणि लगेच पुढे जायचा. दोरीला धरून उभे असलेले आमचे लोक ओरडायचे, "मार ना गा कवड्या! काहून दुसऱ्याले देऊन राहिला?" तो मारायचा नाही. मधुसूदन ज्या बाजूला पळणार, तिथे चेंडू आधीच जाऊन पडलेला असायचा, आणि लोक म्हणायचे की मधुसूदनचे नशीब मोठे. एकदा कवडू तापाने घरी राहिला. त्या दिवशी मधुसूदन सबंध सामनाभर दोन्ही हात पसरून चेंडू मागत होता आणि चेंडू येत नव्हता. कवडू काय करतो हे मला तेव्हा कळले, तो मैदानावर नसताना.

पोटासाठी तो गिरणीत बदली कामगार होता. सकाळच्या भोंग्याआधी फाटकाबाहेर उभे राहायचे. कायम माणसांपैकी जितके गैरहजर, तितक्या बदल्यांना आत घेत. बाकीचे डबा घेऊन घरी परतत. आईवडील लहानपणीच गेले होते. क्लबाचे सेक्रेटरी बाबाराव यांचे गोळीबार चौकात साड्यांचे दुकान होते. मोहल्ल्यात त्यांचा शब्द चाले, आणि कवडूचे वडीलधारे म्हणायचे तर तेच.

सदुसष्ट साली होळीनंतर रेल्वेच्या संघाने कवडूला बोलावले. कायम नोकरी मिळणार होती. अट एवढीच की त्या वर्षीची लीग त्यांच्याकडून खेळायची. क्लब बदलायचा तर खेळाडूने ठरलेल्या दिवसांत फुटबॉल संघटनेच्या कचेरीत स्वतः जाऊन सही करायची असे. ते दिवस उलटले की वर्षभर हलता येत नसे. शेवटचा दिवस शुक्रवार होता.

मंगळवारी संध्याकाळी बाबारावांनी त्याला दुकानात बोलावले.

"भिवापूरले आपल्यातली एक पोरगी आहे. उद्या पाहून येऊ. तुले करणारं दुसरं कोण आहे?"

"सह्या आहेत ना बाबारावजी."

"शुक्रवारपर्यंत आहेत ना? उद्या जाऊ, परवा वापस. तुही सही काय कोणी खाऊन राहिलं?"

कवडूने विश्वास ठेवला. इतवारी स्टेशनाहून छोट्या लाइनच्या गाडीने पाच जण निघाले. क्लबातले तिघे, बाबाराव आणि तो. मुलीचे वडील दादाजी मागावर लुगडी विणत आणि मोसमात मिरचीच्या व्यापाऱ्याकडे तोलाईला जात. अंगणात दुसऱ्यांच्या मिरच्या वाळत होत्या. पाहुणे शिंकत शिंकत घरात शिरले. मुलगी पाहून झाली, जेवणे झाली, मुक्काम झाला.

गुरुवारी परतायच्या वेळी बाबारावांचे पोट दुखू लागले. इथली मिरची मला सोसली नाही म्हणून ते आडवे झाले. गाडी गेली. दादाजीच्या बायकोने त्यांच्यासाठी वेगळा मऊ भात केला. तो त्यांनी दोनदा मागून खाल्ला.

शुक्रवारी पहाटेच कवडू अंघोळ करून पिशवी घेऊन ओट्यावर बसला. सकाळची गाडी मिळाली असती तर दुपारी कचेरीत पोचता आले असते. पण त्याआधीच दादाजीने चटया घातल्या आणि जातीतली चार वडील माणसे बोलावली.

आमच्याकडे मुलगी पाहिली की तिथल्या तिथे उत्तर देत नाहीत. घरी जाऊन कळवतो म्हणतात. निरोप आला नाही की मुलीकडचे समजून घेतात. बाबारावांनी सगळे त्या रिवाजावर सोडले होते. दादाजी मात्र सरळ माणूस. पाच पाहुणे नागपूरहून येतात, दोन दिवस राहतात, म्हणजे यांचे ठरलेच आहे, असे त्याने धरले. जास्त दिवस राहणे म्हणजेच पसंती, असा अर्थ कोणीही काढला असता. तो बाबारावांच्या ध्यानातच आला नव्हता.

चार माणसांसमोर दादाजीने विचारले, "पाव्हणे, मंग मुलगी पसंत आहे ना?"

कवडू मला म्हणाला, "दाराआड ते उभी होती. तिचे पायच दिसून राहिले होते, उंबऱ्यापाशी. मी 'कळवतो' म्हटलं असतं तं दोन दिवस जेवून पाच जणांनी नाही म्हटल्यासारखं झालं असतं. मंग त्या पोरीले गावात कोणी पाहाले आलं असतं का?"

तो "पसंत आहे" म्हणाला. लगेच कुंकू लागले, नारळ आला, आणि जेवल्याशिवाय उठायचे नाही असे झाले. सकाळची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत शिटी देऊन गेली.

संध्याकाळच्या गाडीत बाबारावांनी सगळे सांगून टाकले. ते खूश होते. संघ वाचला होता.

"अरे, पोरगी कोणाले पाहाची होती? तुले इकडे अडकवून ठेवाचं होतं. रेल्वेवाले काय तुही कदर करतीन? आता चार दिवसांनी कळवून देऊ, जमत नाही म्हणून."

"त्यायनं तं खरंच पाहू देल्ली ना," कवडू म्हणाला.

वैशाखात लग्न झाले. रेल्वेने दुसरा सेंटर हाफ घेतला, आणि पुढल्या वर्षी कवडूला कोणी विचारले नाही. तो आणखी सहा-सात वर्षे आमच्याकडून खेळला आणि रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राहिला. कायम व्हायला त्याला फार वर्षे लागली. तोवर कौशल्या घरी बिड्या वळायची. पण नळावर, लग्नकार्यात, कुठेही विषय निघाला की ती सांगायची, "मले पाहाले पाच जण आले होते, गाडीनं. दोन दिवस राहिले. माह्या बहिणीले पाहाले दोघं आले अन् पाणी पिऊन गेले." हे सांगताना तिचा चेहरा उजळे. कवडू जवळ असला तर तो काही कामाचे निमित्त काढून उठे. भिवापूरची खरी गोष्ट तिच्या कानावर जाऊ नये, एवढीच त्याची धडपड असे. क्लबात ती गोष्ट निघाली की तो सगळ्यांबरोबर हसे, आणि घरी सांगू नका म्हणून एकेकाच्या हाता-पाया पडे.

पंच्याऐंशी साली क्लबाला पंचवीस वर्षे झाली. जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरला. मी खजिनदार होतो. कवडू एका रविवारी माझ्याकडे आला आणि माझे नाव काढून टाका म्हणाला. बायकोसमोर भिवापूर निघेल, हे त्याचे कारण ऐकून मी त्याला घेऊन बाबारावांकडे गेलो.

बाबाराव म्हणाले, "अरे, भिवापूर सोडून तुह्याबद्दल सांगू काय? गोल तं तू एकही मारला नाही."

"मंग काहीच नका सांगू."

"लोकं हसतीन, तूही हस. अठरा वर्सं झाली आता, बायको काय माहेरी जाते का?"

"मंग मी येतच नाही."

"वा गा वा. वहिनींले आमच्या घरच्यांनी बोलावणं केलं. त्या तं साडी काढून बसल्या."

ते खरे होते. कौशल्येने लग्नातले लुगडे काढले होते आणि शेजारणींनाही सांगितले होते. न जाण्याचे कारण तिला काय सांगायचे, हे कवडूला सुचले नाही. तो आला.

मांडव भरला होता. बायका उजवीकडे बसल्या होत्या, कौशल्या पुढेच. मधुसूदनचा सत्कार झाला, टाळ्या थांबेनात. मग कवडूचे नाव आले आणि बाबारावांनी माईक जवळ ओढला.

"सदुसष्ट साली रेल्वेवाल्यांनी आमचा सेंटर हाफ पळवाचा डाव केला," ते म्हणाले. जाणकार आधीच हसू लागले. "मंग आम्ही काय केलं? आम्ही म्हटलं, चला रे याले घेऊन..."

कवडू उठला. तो सभेत कधी बोललेला माणूस नाही. त्याने बाबारावांच्या हातातून माईक घेतला, ओढून नाही, जणू तो त्यालाच द्यायचा होता.

"बाबारावजी विसरले," तो म्हणाला. "मले कोणी अडवलं नाही. रेल्वेले मीच नाही म्हटलं. आपला क्लब सोडून जावंसं वाटलं नाही. बस, एवढंच."

टाळ्या पडल्या. मधुसूदनला पडल्या नव्हत्या इतक्या पडल्या. बाबारावही वाजवू लागले. क्लबाच्या नावाला हे जास्तच शोभत होते. नवी पोरे उठून उभी राहिली.

आमची घरे एकाच गल्लीत. परत येताना मी त्या दोघांबरोबर होतो. कौशल्या शाल आणि नारळ पोटाशी धरून चालत होती. पाचपावलीच्या रेल्वे फाटकापाशी ती थांबली.

"रेल्वेची कायमची नोकरी होती?"

"हो."

"लग्नाच्या आधी का नंतर?"

"आधी."

"म्हंजे माह्या बापाले हे माहीत नव्हतं."

कवडूने मान हलवली.

"मी बिड्या वळू वळू बोटं घासली," ती म्हणाली. "गिरणीवाले घेत नाहीत म्हणून वळल्या. तुमीच फेकून देल्ली होती ते मले माहीत नव्हतं."

नंतर ती पुढे चालू लागली आणि आम्ही दोघे मागे.

मी कवडूला नंतर म्हटले, खरे सांगून टाक, नाहीतर मी सांगतो. तो घाबरला. "नका सांगू, भाऊ. आता तिले माह्यावर राग आहे. तो मी सोसतो. ते कळलं तं तिले वाटन का आपल्याले पाहाले कोणी आलंच नव्हतं."

घरात बोलणे उरले ते भाजी, पाणी आणि गिरणीच्या वेळेपुरते. बाहेर मात्र कवडूला मान आला. ज्याच्या खेळाची कोणी कधी दखल घेतली नाही, त्या खेळाडूला आता दर मोसमाच्या सुरुवातीला नव्या पोरांसमोर बसवत. क्लबासाठी रेल्वे सोडणारा माणूस, अशी ओळख करून देत. तो तीच दोन वाक्ये बोलून घरी येई. नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

सत्त्याऐंशी साली आमच्याकडे पौनीकरांचा रामदास हाफ खेळायचा. चांगला होता. पोलिसांच्या संघाने त्याला भरतीसाठी विचारले. सह्यांचे दिवस सुरू झाले होते. बाबाराव त्याला घेऊन कवडूकडे निघाले, मलाही बरोबर घेतले.

"तू दोन शब्द सांग याले," बाबाराव खाटेवर बसत म्हणाले. "तुह्या तोंडून ऐकू दे."

स्वयंपाकघराच्या दारात कौशल्या चहाचे आधण ठेवत होती. ओसरीवरचे सगळे तिला ऐकू जात होते. कवडूने एकदा तिकडे पाहिले.

"शेवटचा दिवस कधी?" त्याने रामदासला विचारले.

"परवा."

"मंग उद्या जाऊन ये. परवावर ठेवू नको. अन् कोणी कुठं गावाले चल म्हटलं तं जाऊ नको."

बाबाराव सरळ झाले. "कवडू, हे तू सांगून राहिला? मांडवात काय म्हणाला होता?"

"म्हणालो होतो."

"मंग?"

"चुकलो होतो."

कौशल्येने चहा आणून ठेवला. पहिला कप तिने रामदासला दिला.

"चुकले होते, तं हे मले सांगाले काय झालं होतं?" ती कवडूकडे न बघता म्हणाली.

कवडूकडे उत्तर होते, आणि ते देता येत नव्हते. मी बाबारावांकडे पाहिले. त्यांच्या एका वाक्याने कवडू सुटला असता. ते वाक्य ते वीस वर्षे कोणाच्याही पुढे बोलत आले होते. ती समोर उभी होती, पदराने हात पुसत, उत्तराची वाट बघत. बाबारावांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत राहिले. मान वर केली नाही.

"कामाचं विचारलं का कोणी बोलत नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

रामदासने दुसऱ्याच दिवशी सही केली. त्या वर्षी आमचा संघ खालच्या गटात गेला. भिवापूरची गोष्ट बाबारावांनी त्यानंतर काढलेली मी ऐकली नाही. कौशल्या गेली तेव्हा तेही आले होते. कवडूच्या शेजारी ते बराच वेळ बसले.