बारा मिनिटांवर अडलेला डबा

"आहे म्हणून सांग," असं मी सुनेला म्हणालो, तेव्हा आमच्या घरात कॉम्प्युटर नावाची वस्तूच नव्हती.

सूनबाई फोनवर होती. लग्नाआधी ती नांदेडला एका फोटो स्टुडिओत कामाला जायची. लग्नाच्या फिल्मा कापायच्या, जोडायच्या, खाली गाणं लावायचं. लातूरला आमच्या घरी आली आणि ते काम सुटलं ते सुटलंच. दोन वर्षांनी त्या शुक्रवारी स्टुडिओवाल्या ताईंचा फोन आला. लग्नसराई तोंडावर, माणसं कमी. घरी बसून काम कर म्हणाल्या. एका लग्नाचं काम नमुना म्हणून पाठवते, गुरुवारी संध्याकाळपर्यंत परत दे, जमलं तर सगळी सराई तुझी. अट एकच. त्यांच्या फायली फक्त सफरचंदाच्या चिन्हाच्या कॉम्प्युटरवरच उघडतात. तो आहे ना तुझ्याकडं?

तिनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी झोपाळ्यावर शेंगा फोडत होतो. म्हणालो, आहे म्हणून सांग.

"हो ताई, आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडं वळली. "मामा, कामाच्या बाबतीत मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते."

"खोटं न्हाई ते. जरा लवकर बोललीस, एवढंच."

आतून म्हातारीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज आला, "कुठं हाय म्हणं तो? माळ्यावर ठिवलाय का?"

आता मी हवेत बोललो नव्हतो. महिनाभर मी मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ पाहत होतो. ऑफिसातून काढून टाकलेला साधा डबा घ्यायचा, त्याच्या आतल्या वस्तू नंबरानं जुळवायच्या, आणि पेनड्राइव्हवरून त्याला अशी काही शिकवणूक द्यायची की तो स्वतःला सफरचंदवाला समजू लागतो. हॅकिन्टॉश म्हणतात त्याला. मूळ कंपनीला हे पसंत नसतं म्हणे. पण डाळ मिलमध्ये एका मशीनचा पट्टा दुसऱ्याला चढवताना मी कधी कुणाची पसंती विचारली नव्हती.

मी चौथी शिकलो. पुढं चाळीस वर्षं लातूरच्या डाळ मिलमध्ये फिटर होतो. इंग्रजी मला वाचता येत नाही, जुळवता येतं, आणि या दोन्हीत फरक आहे. बेअरिंगवर नंबर असतो. पेटीवरचा नंबर आणि शाफ्टवरचा नंबर एक आकडा इकडचा तिकडं झाला तरी मिल बोंबलते. चाळीस वर्षांत माझ्या हातून चुकीचं बेअरिंग बसलं नाही. शिकलेल्या इंजिनिअरांच्या हातून बसलेलं मात्र मी काढलंय. तर व्हिडिओत जो नंबर दिसला तो मी कॅलेंडरच्या मागं जसाच्या तसा उतरवून घेतला, अक्षरांची चित्रं काढावीत तसा. लेक नायगावला नोकरीला आहे. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बाबा, या नादाला लागू नका." म्हणजे लागायलाच पाहिजे होतं.

शनिवारी सकाळच्या एसटीनं नांदेड गाठलं. जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात ऑफिसातले डबे छतापर्यंत रचलेले होते, पुसूनबिसून, स्टिकर काढून. दुकानदार भाई माझ्याच वयाचा, दाढी मेंदीनं लाल. मी कॅलेंडर उलटं धरून एकेक डब्याचा नंबर जुळवत गेलो. अकरा डबे झाले. बाराव्याचा जुळला.

"चालू करा," मी म्हणालो. पंखा फिरायला लागला तसा मी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक डब्याला लावलं आणि मूठ कानाला. फिटर लोक बेअरिंग असंच ऐकतात. आत दाणा फुटला असेल तर खरखर कानात येते.

दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. भाई म्हणाला, "क्या बोल रा, चाचा?"

"म्हणतोय की मालकानं त्याला आठ तास राबवलं, पण रविवारी सुट्टी दिली."

भाई एवढा हसला की त्यानं चहा मागवला आणि की-बोर्ड, माऊस फुकटात वर दिला. पडदा मात्र मी निवडून घेतला. सुनेला त्यावर नवरीच्या शालूचा रंग बरोबर दिसायला हवा होता.

आता ती गोष्ट सांगतो जी मी त्या वेळी कुणाला सांगितली नव्हती.

डाळ मिलमध्ये फिटरचा पहिला वैरी गंज नव्हे, धूळ. तुरीचा कोंडा असा बारीक उडतो की बंद पेटीतल्या घड्याळातही शिरतो. म्हणून नवं मशीन आलं की मी आधी धुळीचा बंदोबस्त करायचो. उघडी भोकं, जाळ्या, फटी, सगळ्यांना कापड. मग तेल, मग वीज. आमचं घर मिलच्या मागच्याच गल्लीत. तेव्हा रविवारी डबा घरी टेबलाखाली ठेवल्याबरोबर मी म्हातारीचं एक जुनं पातळ मागून घेतलं, दुहेरी केलं, पुढच्या-मागच्या जाळ्यांवर ताणून बसवलं आणि सुतळीनं आवळलं. वर विभूतीची तीन बोटं ओढली. झकास दिसत होतं. सुनेला सांगितलं, "बघून ठेव. आधी धुळीचा बंदोबस्त, मग बाकीचं."

"हाव मामा," ती म्हणाली.

मग कामाला लागलो. डब्यात आधीपासून जे सॉफ्टवेअर होतं त्याच्यावरच पेनड्राइव्ह तयार केला. डब्याच्या मूळ सेटिंगमध्ये शिरून काही खटके बंद केले, काही चालू केले, कॅलेंडरवरच्या चित्रांप्रमाणे. सुनेनं मदत करू का म्हणून दोनदा विचारलं. मी म्हणालो, "तू तुझी बोटं मोकळी ठेव, गुरुवारपर्यंत लागतील." दुपारी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या आणि त्या संपल्यावर मधोमध सफरचंद उगवलं. मी म्हातारीला हाक मारून दाखवलं.

"खाल्लेलं हाय की ते," ती म्हणाली.

खाली एक रेघ भरत होती. अजून बारा मिनिटं राहिली, असं सुनेनं वाचून सांगितलं. आम्ही तिघं बसून राहिलो. बारा मिनिटं, बारा मिनिटं, बारा मिनिटं. आणि डबा फट्कन बंद पडला.

पुन्हा चालू केला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा बारा मिनिटं, पुन्हा फट्. संध्याकाळपर्यंत तीनदा झालं. सोमवारी पेनड्राइव्ह नव्यानं बनवला, चारदा केलं. दरवेळी बारा मिनिटं उरली की मरायचा. खटके उलटसुलट करून पाहिले. शेवटी कॅलेंडरवरची चित्रं सुनेकडून अक्षर न् अक्षर तपासून घेतली. हे मला जड गेलं. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

तेवढ्यात ताईंनी लग्नाच्या फायली पाठवल्या. सुनेनं मोबाईलवर नुसती त्यांची नावं वाचली, मोबाईल बाजूला ठेवला आणि पोळ्या लाटायला बसली. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर मी पाच सुनावले असते आणि मोकळा झालो असतो. तिनं पोळी इतकी पातळ लाटली की तव्यावर पडताच फाटली.

"ताईंना फोन करून खरं सांगू का, मामा?" तिनं पोळीकडं बघतच विचारलं. "त्या दुसऱ्या कुणाला तरी देतील. पुन्हा काय मला विचारणार न्हाईत, पण त्यांचं तरी अडणार न्हाई."

"उद्याचा दिवस दे मला," मी म्हणालो. "डब्यात खोट हाय. भाईनं फसवलं."

"तिथं तर कानाला लावून ऐकलं होतं म्हणं," म्हातारी म्हणाली.

मंगळवारी पहिल्या गाडीनं निघालो. डबा मांडीवर, पातळासकट, सुतळीसकट, पेनड्राइव्हसकट. कंडक्टरनं विचारलं, "काका, देवघर घेऊन चाललाव का?" मी तोंड फिरवलं. वाटेत भाईला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. मराठीत संपलं की हिंदीत बोलायचं ठरवलं होतं.

दुकानात शिरलो आणि डबा काउंटरवर आदळला. "भाई, ही खोटी चीज दिलीत तुम्ही मला."

भाईनं डब्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा डब्याकडं. "चाचा, इसकू सर्दी हुई क्या? चादर कायकू उढाये?"

असं म्हणत त्यानं सुतळी सोडली, पातळ काढून माझ्या खांद्यावर टाकलं आणि तार लावली. आपला खटला मांडायला मी तोंड उघडलं, तोवर पडद्यावर सफरचंद आलं, रेघ भरायला लागली. बारा मिनिटं. मी बोट दाखवून म्हणालो, "आता बघा मरताना."

अकरा मिनिटं राहिली. दहा राहिली. भाईनं डब्याच्या जाळीपुढं हात धरला. "साँस लेरा," म्हणाला.

मी पण हात धरला. गरम वारा तळहातावर येत होता. चाळीस वर्षं मी मोटारी बसवल्या. मोटारीला वारा लागतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मिलमधली मोटार बंद असते, पंखा बाहेरून तिच्या अंगावर वारा मारतो. या डब्यानं नाक पुढं आणि पाठ मागं उघडी ठेवलेली, आणि मी दोन्हीवर दुहेरी पातळ आवळलेलं. काम जड झालं की आतलं डोकं तापायचं, आणि जळून जाण्याआधी बिचारा स्वतःच बंद पडायचा. माझ्यापेक्षा शहाणा.

"प्रवासात धूळ लागू नये म्हणून बांधलं होतं," मी म्हणालो.

"हौ, हौ," भाई म्हणाला आणि दाढीत हसला. चहा त्यानं याही वेळी मागवला. तो मी उभ्या उभ्याच संपवला.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. डबा लावला, सफरचंद उगवलं, सगळं सुरळीत. म्हातारीनं विचारलं, काय झालं होतं? मी म्हणालो, "आतला एक पार्ट गेला होता. भाईनं बदलून दिला." सुनेचा चेहरा असा उजळला की मला माझं खोटं बोलणं पुण्याचं वाटलं.

बुधवारी सकाळी ती कामाला बसली. डब्याचा आवाज बाहेर पडत नव्हता. त्यासाठी एका जागी आकडा घालून पाहावा लागतो, कोणता आकडा ते कुणालाच माहीत नसतं. एक घातला, दोन घातला, तीन घातला. असं करत सातव्याला सनई वाजली. मी बाहेर येऊन झोपाळ्यावर बसलो आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की आत आमचं काम चालू आहे.

दुपारी घरातून एक आवाज कानावर आला. पंखा घुरघुरत होता. सावकाश चढत चाललेली घुरघुर. असं मशीन ऐकलं की फिटर हातातलं सोडून उठतो.

आत गेलो. डबा दिसेना. टेबलाखाली, त्याच्या जागेवर, गोधडीसारखं जाड, अस्तर लावलेलं, कडेला लाल फीत शिवलेलं एक कव्हर होतं. बटणापुरतं गोल भोक ठेवलेलं.

"काल तुम्ही नांदेडला गेलता तवा शिवलं, आत्ता घातलं," सून मागं न बघता म्हणाली. "आधी धुळीचा बंदोबस्त. म्हणलं, या बारीला फट ठेवायची न्हाई."

पडद्यावर नवरा-नवरी समोरासमोर, मधे अंतरपाट. तिनं दोन दिवसांचं काम सकाळपासून एका दमात उरकत आणलेलं, आणि ते अजून जपून ठेवलं नव्हतं. घुरघुर चढतच होती. आता बोललो तर इज्जत जाणार होती, गप्प राहिलो तर तिचं काम. खरं सांगायचं तर मी एक श्वासभर थांबलो. माझ्या वयाच्या माणसाला तेवढं लागतं.

मग खाली वाकून ते कव्हर खस्कन ओढलं, मंगलाष्टकं संपल्यावर अंतरपाट ओढतात तसं. "आधी काम जप," मी ओरडलो, "मग माझं ऐक."

तिनं जपलं. घुरघुर हळूहळू उतरली. मी सगळं सांगितलं. पातळ, बारा मिनिटं, भाईचा तळहात, साँस लेरा. एवढं लांब मी कबुलीचं कधीच बोललो नव्हतो. मिलमध्ये तशी वेळच आली नव्हती.

सुनेनं कव्हर उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी भाईनं बदललेला पार्ट म्हंजी आत्याबाईचं पातळ?"

"हाव."

ती हसायला लागली ती थांबेचना. म्हातारी दारात येऊन उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला काय इचारलं का कुणी? चार दिस पांघरूण घालून निजवलं तर माणूस पण गुदमरल."

गुरुवारी दुपारीच सुनेनं काम पाठवलं. संध्याकाळ होईपर्यंत कुणी जेवलं नाही, मी तर मुळीच नाही. ताईंचा फोन आला तेव्हा सुनेनं तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"फाईल बरोबर उघडली. काम छान झालंय," ताई म्हणाल्या. "कोणतं मशीन घेतलंस गं?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी या वेळी काही सुचवलं नाही.

"घेतलं न्हाई ताई. तुमचा फोन आला तवा ते नव्हतंच माझ्याकडं, मी चुकीचं बोलले. ऑफिसातला जुना डबा होता, आमच्या मामांनी घरी बसून बनवलाय."

मग ताई म्हणाल्या, "मला डब्याशी काय करायचंय? काम आलं ना वेळेत? दुसरं लग्न उद्या पाठवते. हदगावचं आहे, लई नाचलेत."

त्या दिवशीच सुनेनं मला समोर बसवून नियम घातले. नवीन अपडेट घ्या म्हणून पडद्यावर कितीही विनवण्या आल्या तरी हो म्हणायचं नाही, घेतलं तर डबा पुन्हा स्वतःला ऑफिसातलाच समजेल. हे मीच तिला शिकवलं होतं, ते तिनं मलाच ऐकवलं. दुसरा नियम, काम चालू असताना डब्याला हात लावायचा नाही.

"बनवलाय कुणी?" मी विचारलं.

"तुम्ही. चालवते कोण?"

मिलमध्येही हेच होतं. मशीन चालू लागलं की ते ऑपरेटरचं. फिटरनं बाहेरच्या बाकावर बसायचं, आणि त्याला दिवसभर कुणी हाक मारली नाही तर समजायचं की काम चोख झालंय.

आता तिची तिसरी लग्नसराई चालू आहे. आतून सनई ऐकू येते, मधेच तुटते, पुन्हा तिथूनच सुरू होते. मी झोपाळ्यावर असतो. कान पंख्याकडं असतो. अजून एकदाही हाक आलेली नाही. मला त्याचा अभिमान आहे, आणि खरं सांगू, थोडा रागही येतो.