गळ्यात नाग नसलेला फोटो

मंगळवारी सकाळी माझा भाऊ गोठ्यात निघालेली घोणस पकडायला गेला. पिशवीचं तोंड बांधताना ती त्याला चावली. बीडच्या दवाखान्यात पोचण्याआधी तो गेला.

तिसऱ्या दिवशी त्याचे मित्र श्रद्धांजलीच्या बॅनरचा नमुना मोबाइलवर घेऊन घरी आले. फोटोत भाऊ गळ्यात नाग घालून हसत होता. मागे विजा, खाली ‘ढाण्या वाघ’.

“हा नको,” मी म्हणाले.

“ताई, लई भारी फोटो हाय. सगळ्या तालुक्यात फिरलाय.”

म्हणूनच नको होता. सर्पमित्र म्हणून त्याची पहिली दोन वर्षं अशीच गेली. साप कमी, व्हिडिओ जास्त. मग त्याचा व्हिडिओ बघून शेजारच्या गावातल्या एका माणसानं नागाला हात घातला. माणूस वाचला, बोट गेलं. त्याला भेटून आल्यावर भावानं सगळे व्हिडिओ पुसून टाकले. त्यानंतर तो हूक आणि पिशवी घेऊन जायचा, आधी लोकांना मागे सरकवायचा आणि काम झालं की निघून यायचा. बघायला जमलेल्यांचा हिरमोड व्हायचा.

गेल्या वर्षी आम्ही दोघं बीडला एका सुपरहिरोच्या पिक्चरचा तिसरा आणि शेवटचा भाग पाहायला गेलो होतो. पहिल्या भागात तो हिरो चमचमता झगा घालून टाळ्यांसाठी उडतो. दुसऱ्यात त्याच्या दिखाव्यापायी माणसं मरतात, तेव्हा तो झगा उतरवतो आणि पुढं चेहरा न दाखवता काम करतो. शेवटी मात्र तोच झगा घालून सगळ्या शहरासमोर आकाशात झेप घेतो आणि मरतो. थिएटरात शिट्ट्या पडल्या. भाऊ हाताची घडी घालून बसला होता.

परतीच्या एसटीत मी त्या शेवटाची बाजू घेतली. गोष्ट सुरू झाली तिथंच परत आली, वर्तुळ पूर्ण झालं, असं काहीतरी बोलले.

“त्याचा माज उतरवायला दोन पिक्चर लागले,” तो म्हणाला, “अन् मारताना तोच माज परत अंगावर चढवला. मग तो शिकला काय?”

“लोकांना तसाच निरोप द्यायचा असतो.”

“लोकांचं कावून बघायचं? त्याचं बघ की. ताई, तुला पुस्तकातलं लई कळतं, माणसातलं जरा कमीच.”

मांजरसुंबा येईपर्यंत तो मला हसत होता. मी काही मान्य केलं नाही. आता करते. बदललेल्या माणसाला शेवटी जुन्या वेषात उभं करणं म्हणजे त्याचं बदलणं खोटं ठरवणं. शिट्ट्या पडल्या म्हणून तो शेवट बरोबर होत नाही.

मी भावाच्या मोबाइलमधला दुसरा फोटो काढून दिला. हातात हूक, मान वळलेली, लोकांना मागे व्हा म्हणताना.

“ताई, यात तर तो लाइट दुरुस्त करायला आल्यागत दिसतोय.”

“दिसू दे.”

“अन् साप कुठंय?”

“पिशवीत.”

“बरं, खाली वाघ तरी राहू द्या.”

“नाही. सर्पमित्र लिहा.”

एक जण चिडला. “आमी त्याला मोठं करायलोत, अन् तुमी लहान करायलात.”

पोरांचं मन मोडू नको, असं चुलत्यांनीही समजावलं. मी मोडलं. नागाचा फोटो लागला तर चौकात जाऊन स्वतः ब्लेडनं फाडीन, असं सांगितलं. शेवटी मी दिलेला फोटो लागला. तेराव्यानंतर बॅनर उतरवला. जुना फोटो अजून मोबाइलवर फिरतो, तो मला थांबवता येत नाही.

भावाचा फोन माझ्याकडे आहे. साप निघाला की लोक अजून त्यावरच लावतात. मी त्यांना केजच्या दुसऱ्या सर्पमित्राचा नंबर देते.