नंबर मोडायचा नाही

आमच्या गावात उशीर झाला तर कुणी कारण विचारत नाही. "फाटक लागलं हुतं" एवढं म्हटलं की मास्तर वर्गात घेतात आणि पाहुणे निमूटपणे दुसरा चहा पितात. एकदा तर नवरदेवच फाटकात अडकला आणि अक्षता हातात धरून अख्खा मांडव घाम पुसत बसला होता. मी लहान होते तेव्हा फाटक लागलं की आम्हाला मजा वाटायची, कारण डबे मोजायला मिळायचे. आता रूळ दुहेरी झालेत, गाड्या वाढल्यात. फाटकापलीकडे आमच्या वस्तीपर्यंत नुसता ऊस होता, तिथं आता मंगल कार्यालय, मोटारसायकलींची शोरूम आणि इंग्लिश मीडियमची शाळा आहे. उड्डाणपुलाचे खांब तेवढे उभे आहेत. त्यांचा उपयोग वाढदिवसाचे फ्लेक्स बांधायला होतो.

आणि आमची माणसं! फाटक पडलं की रांग लावतील तर शपथ. आम्ही रस्ता भरतो. डावी बाजू भरली की उजवी भरायची, ती भरली की साइडपट्टी. पलीकडची मंडळीही आपलीच, तीही तेच करतात. मग फाटक उघडतं आणि दोन फौजा नाकाला नाक लावून उभ्या. रेल्वे पार पुढच्या स्टेशनात पोचलेली असते आणि आम्ही इकडे "मागं घे", "तू घे मागं" करत एकमेकांच्या आयांचा उद्धार करत असतो. एवढं होऊन दुसऱ्या दिवशी कुणी शहाणं होतं का? नाव नको.

माझ्या वडिलांना, आप्पांना, याचा भयंकर संताप. आप्पा ट्रॅक्टर चालवायचे, हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर न्यायचे. कारखान्याच्या आवारात गाडी पोचली की तिला नंबर मिळतो आणि त्या नंबरानंच वजनकाट्यावर जायचं असतं. थंडीवाऱ्यात माणसं ट्रॅक्टरखाली पोतं अंथरून पडतात, पण दुसऱ्याचा नंबर मोडत नाहीत. मोडलाच कुणी, तर त्याला पुढं हंगामभर चिमूटभर तंबाखूसुद्धा कुणी देत नाही. हाच कायदा आप्पांनी फाटकावर आणला. फाटक पडलं की इंजिन बंद करून ते खाली उतरायचे, डोक्याचा टॉवेल सोडायचे आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे.

"कुठं निघालास रं? पलीकडचा काय उडून जाईल व्हय? नंबरानं थांब."

लोक हसायचे. "फाटकावरचे फौजदार" असं नाव पडलं होतं त्यांना. मला लाज वाटायची, मैत्रिणी चिडवायच्या. पण ते उभे असले की एक बाजू मोकळी राहायची आणि फाटक उघडल्यावर गाड्या सुरळीत निघायच्या, हेही खरं. ट्रॉलीतली कांडी मोडून ते थांबलेल्या पोरांना द्यायचे. नंबर मोडणाऱ्याच्या पोरालाही द्यायचे, फक्त बापाकडं बघायचे नाहीत.

आई त्यांना घरी सुनवायची. "जगाची शिस्त तुमच्याच टॉवेलाला बांधलीय का?" म्हणायची. आणि स्वतः मात्र पिठाच्या गिरणीत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात कधी पुढं घुसली नाही. कुणी घुसलं तर "आमच्या ह्यांनी बघितलं असतं तर" एवढंच पुटपुटायची.

गेल्या हंगामात आई अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नगरला ऑपरेशन झालं आणि ती माझ्याकडेच राहिली. मी तिथं नोकरी करते. पाटी अहिल्यानगरची लागली तरी आमच्या तोंडी नगरच आहे. तिकडे वस्तीवर आप्पा माझ्या भावाजवळ होते. छातीचं दुखणं जुनंच होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि घरी न्या म्हणाले होते. आईला आम्ही हे अर्धवटच सांगितलं होतं. रोज दोघांचं फोनवर बोलणं व्हायचं. म्हणजे आई बोलायची आणि ते "हां, हां" करायचे.

एका दुपारी भावाचा फोन आला. "ताई, आईला घेऊन ये. आता लगेच नीघ. आप्पा सारखं तिलाच विचारतायत."

मी आईला गाडीत बसवलं, तिचा वॉकर मागं टाकला आणि निघाले. मी गाडी बरी चालवते. त्या दिवशी वाटेल तशी चालवली. राहुरी कधी आली कळलं नाही. आई मांडीवर मोसंब्यांची पिशवी धरून बसली होती. आप्पांना मोसंबी सोलून द्यायला ती लागायची, स्वतः सोलली तर रस डोळ्यात उडवून घ्यायचे.

आणि फाटक लागलं होतं.

पुढं उसाचे ट्रॅक्टर, पाथर्डीकडच्या तोडणीवाल्यांनी भरलेला एक टेम्पो, दोन एस.ट्या. आमचा नंबर बराच मागं. उजवी बाजू भराभरा भरत होती. मोटारसायकली, एक जीप, मागोमाग दुसरी जीप. मी भावाला फोन करून फाटक लागल्याचं सांगितलं आणि स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिले. आई धड चालू शकली असती तर मी तिला उतरवून रूळ ओलांडून नेलं असतं, पण ती वॉकर धरून चार पावलं टाकायची तीसुद्धा कण्हत.

एका मोटारसायकलवाल्यानं काचेवर टकटक केलं. वस्तीजवळचाच होता. "मावशी, तुमी व्हय! आप्पांना जास्त झालंय ना? ताई, घ्या उजवीकडून. मी पुढं हून गाड्या दाबतो, काढून देतो तुमाला."

मी गिअरला हात घातला. आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

"न्हाई. नंबरानंच जायचं."

"आई, वेळ काय, तू बोलतेस काय!"

"त्यांना न्हाई आवडायचं. आपनच मोडला म्हनल्यावर त्यांनी कुणाला काय तोंड दाखवायचं? मरंस्तवर हसतील लोकं त्यांना."

मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेही. पण तिनं हात काढला नाही, आणि तिच्या त्या सुरकुतलेल्या हाताखालून मला गिअर पुढं ढकलता येईना.

गाडी गेली, फाटक उघडलं, आणि व्हायचं तेच झालं. दोन्हीकडून सगळे एकदम घुसले. रुळांवरच जीप आणि टेम्पो समोरासमोर. फाटकवाला शिट्ट्या फुंकून लाल झाला. जो-तो आपली खिडकी उघडून दुसऱ्याला अक्कल शिकवत होता. उजवीकडून घुसलेल्या गाड्यांपैकी काही कशाबशा निसटल्या. त्यांत मीही असू शकले असते. आमची रांग मुंगीच्या पावलानं सरकली. पुढं दोन ट्रॅक्टर उरले आणि फाटक पुन्हा पडलं. दुसऱ्या दिशेची गाडी येत होती.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता. घसा साफ करून म्हणाला, "कुठवर आलात?"

"फाटकावरच."

"बरं. सावकाश या. घाई करू नका."

आपल्याकडं ही वाक्यं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. मी फोन ठेवला आणि समोर बघत राहिले.

"काय म्हनाला?" आईनं विचारलं.

"सावकाश या म्हणाला."

आईचा चेहरा उजळला हो! "बघ! म्हंजे आराम पडला असंल. तू उगी जिवाचं पानी करतीस." तिनं पिशवीतून एक मोसंबं काढलं, दाबून बघितलं, परत ठेवलं. "पोचल्या पोचल्या रस काढून देते."

समोरून रेल्वे जात होती आणि मी लहानपणासारखे डबे मोजायचा प्रयत्न करत होते. रडू आलं तर आईला कळेल, म्हणून मोजत होते. तेवढा वेळ तिचा नवरा जिवंत राहिला. मी त्या फाटकाला आजवर हजार शिव्या घातल्यात, पण त्या वेळी ते उघडू नये असं मला वाटलं.

उघडलं. आम्ही आमच्या नंबरानं रूळ ओलांडले.

वस्तीवर वळलो तशी आईला अंगणातली माणसं दिसली, उंबऱ्याबाहेरचा चपलांचा ढीग दिसला. भावानं आणि मी तिला धरून आत नेलं, आप्पांच्या उशाशी खुर्ची ठेवून बसवलं. मोसंब्यांची पिशवी तिच्या हातातच होती.

भाऊ रडत रडत तिला सांगू लागला. त्याला वाटलं, तिला बरं वाटेल. "शेवटपर्यंत शुद्धीत हुते, आई. सारखं इचारायचे, आली का, आली का. म्या म्हनलं, फाटक लागलंय, तिथं अडकल्यात. तर हसले. म्हनले, मंग लागंल येळ. ती काय नंबर मोडायची न्हाई."

जमलेल्या माणसांनी डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, "वा, काय माणूस हुता."

आईनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ते आधीच गार पडलं होतं. मग तिनं त्यांच्या छातीवर मूठ आपटली, एकदा, दोनदा.

"अहो, एकडाव तरी मोड म्हनायचं हुतं की! एकडाव!"