खडीसाठी टायर

डिसेंबरातला पहिला रविवार, सकाळी दुकान उघडता उघडता. हजर: मी, आमचे हे, आणि इंदूरच्या स्नेहलतागंजातले टायरवाले भिया, म्हणजे इथल्या बोलीत भाऊ. पोहे तिघांचेही झालेले. माझी मोटरसायकल दुकानासमोर स्टँडवर.

मुद्दा एकच होता, पण मोठा. सिमरोलच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, एका गावात मी शिवणवर्ग घेते. बस फाट्यावर सोडते आणि तिथून आत काहीच जात नाही. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी मोटरसायकल शिकले आणि ही उंच, डांबरावर आणि कच्च्यातही चालणारी गाडी जुनी घेतली. पावसाळा संपल्यावर आतल्या रस्त्यावर खडी अंथरली गेली. डांबर मात्र आलं नाही. त्या खडीवर मी दोनदा पडले. दुसऱ्या खेपेला गुडघ्याला टाके पडले, तेव्हा यांनी सांगून टाकलं, "आता पुन्हा पडलीस तर गाडी विकायची."

मी हो म्हटलं. टाके घालताना माझ्यापेक्षा यांचाच चेहरा पांढरा पडला होता. पण गाडी गेली की वर्गही गेला, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून नवे टायर.

माझी तयारी झालेली होती. चाकांचं माप, स्पोकची चाकं म्हणून ट्यूब लागणार, डांबर किती आणि कच्चं किती, पावसात ब्रेक कसा लागेल, सगळे प्रश्न ओळीने मांडून ठेवले होते. मनात मध्यम नक्षीचे टायर होते, दोन्ही चाकांना. फार गुळगुळीत नकोत, फार दातेरीही नकोत.

भियांनी पहिला प्रश्न केला, "मॅडम, चलाना कहाँ है?"

"सिमरोल के आगे तक पक्का रोड. फिर अंदर सब खडी है."

भियांच्या भुवया वर गेल्या. "पूरी खडी?"

"पूरी. फाटे से गाव तक."

"और आप अकेले ले जाते हो?"

"अकेलेच. पर फिसलती है."

त्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं आणि आत जाऊन मागच्या चाकाचा एक टायर आणला. त्याच्या रबराचे ठोकळे एवढे मोठे आणि इतके लांब लांब, की मध्ये बोटं जावीत. "पीछे ये डालो. आगेवाला रहने दो, अभी दम है उसमें. खडी में सारा जोर पिछले चक्के का."

हे खूश. "वा, ट्रॅक्टरचाच दिसतोय की."

मला पटेना. मी दोन्ही वेळा पडले ती पुढचं चाक सरकून. शिवाय असा टायर डांबरावर घरघर करतो आणि लवकर झिजतो, आणि माझा बहुतेक रस्ता डांबराचाच. मी मध्यम नक्षीचा आग्रह धरला. भिया ऐकेनात.

"मॅडम, खडी पे वो नहीं चलेगा. आधे में से गाडी पीछे आ जाएगी."

"पीछे क्यों आएगी? बाजू में जाती है."

"खडी में बाजू में?" भिया थांबले. "कितनी खडी है आखिर?"

"बारीक भी है, मोटी भी है. किनारे पे तो ढेर लगे हैं."

भियांनी टायर खाली ठेवला आणि यांच्याकडे वळले. "भाईसाब, खडी के ढेर?"

हे बाकावर बसून हसायला लागले. "अगं, हिंदीत खडी म्हणजे उभी चढण. तू रस्त्यावरचे दगड सांगतेस आणि ते तुला डोंगर चढवतायत."

"मग तुम्ही इतका वेळ काय करत होतात?"

"मला वाटलं, तुमचं टेक्निकल चाललंय." मग भियांकडे वळून म्हणाले, "गिट्टी, भिया, गिट्टी. आमच्या मराठीत तिला खडी म्हणतात."

"लो," भिया म्हणाले. "मैं सोचूँ, मॅडम कौनसे पहाड पे कपडे सिलाती हैं."

पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहून आमचं असंच झालंय. वाक्याच्या मध्यात भाषा बदलते, आणि कुठला शब्द कुठल्या घरचा हे बघायला कोणी थांबत नाही.

गिट्टी म्हटल्यावर सल्ला उलटा झाला. चढणीवर मागचं चाक गाडी ढकलतं, तिथे दाते हवेत. सुट्या दगडांवर पुढचं चाक आधी पळतं. "अगला पहले बदलो," भिया म्हणाले, आणि मध्यम नक्षीची जोडी काढून दिली. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो मी दोन्हीकडे तपासला. निघताना त्यांनी बजावलं की नवा टायर सुरुवातीला घसरतो, जरा सांभाळून. आणि गिट्टीवर हवा थोडी कमी ठेवा, डांबरावर परत पूर्ण.

दुपारीच गेलो. मी पुढे, हे स्कूटरवर मागे. फाट्यावर मी अंदाजाने थोडी हवा सोडली आणि आत शिरले. पुढचं चाक दगडांवर इकडेतिकडे करत होतं, पण हातातून जात नव्हतं. मी हँडल घट्ट आवळलं नाही आणि वळणावर पुढच्या ब्रेकला हात लावला नाही. गाव आलं. मी उभी होते, गाडीही उभी होती.

मागे वळून पाहिलं तर हे वळणावर दोन्ही पाय जमिनीला टेकून, स्कूटर रस्त्यात आडवी, चेहरा टाके घालायच्या दिवशीसारखा.

"पडलात तर स्कूटर विकायची," मी ओरडून सांगितलं.

ते सावकाश आले, माझ्या टायरवर हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "मंगळवारी जा तू वर्गाला." वाद जिंकल्यावर गप्प बसायचं असतं.

परत फाट्यावर आलो तेव्हा कळलं की सोडलेली हवा परत भरायला आमच्याकडे काही नाही. मऊ टायरवर डांबरावरून रांगत सिमरोलच्या पेट्रोल पंपापर्यंत यावं लागलं, मागे हे हॉर्न वाजवत. पायाने मारायचा पंप आणि हवा मोजायचं मीटर घ्यायला पाहिजे, असं दोघांचं तिथेच ठरलं. आज सोमवार संध्याकाळ. अजून घेतलेलं नाही.